भिंतीकडे वळवलेला कर्णा

पहिल्या पाळीहून बिरप्पा घरी आला तेव्हा फोनो फिरत होता, पण वाजत नव्हता. त्यानं उंबऱ्यात वहाणा काढल्या, पटका खुंटीला अडकवला आणि मग त्याचं लक्ष फोनोच्या पेटीकडे गेलं. काळी तबकडी आपली गरगर फिरत होती, पिन तिच्यावर नीट टेकलेली होती, आणि त्याची बायको अंबू भिंतीला टेकून, डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरून बसली होती. स्प्रिंग गेली असेल, असं त्याला पहिल्यांदा वाटलं. मग वाटलं, स्प्रिंग गेली तर तबकडी फिरेल कशी? तो गिरणीतला जॉबर, मागवाल्यांवरचा मुकादम, माग कुठं अडला ते नुसत्या नजरेनं ओळखणारा. पण हे त्याला उलगडेना. नुसती फिरणारी तबकडी आणि मान डोलावणारी बायको बघताना त्याला उगाच भीती वाटली. आपण घरात नाहीच, बाहेर काचेपलीकडे कुठंतरी उभे आहोत, असं काहीतरी.

"पेटी बिघडली का काय गं?"

अंबू दचकून उठली. "न्हाय की. चांगली वाजतीया."

तिनं कर्ण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि आत कोंबलेलं जुनं हिरवं लुगडं ओढून काढलं. तेव्हा कुठं विहिरीच्या तळातून कुणी हाक मारावी तसा गाणाऱ्या बाईचा आवाज त्याच्यापर्यंत आला. "शेजारी तान्हं लेकरू निजलंय," अंबू म्हणाली, "म्हून जरा दाबून लावलं हुतं."

"आन् तुला ऐकू येत हुतं?"

"येतंय की. सगळं येतंय." आणि मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. लुगडं हातातच राहिलं. "तुमास्नी न्हाय आलं?"

बिरप्पा मोरीवर गेला, हातपाय धुतले. तांब्यातून पाणी पडत होतं, फरशीवर आपटून फुटत होतं, आणि त्याला आज पहिल्यांदा जाणवलं की त्या पाण्याला आवाज नव्हता. केव्हापासून नव्हता? ते काही त्याला आठवेना. वस्तू हरवली तर जागा रिकामी दिसते, आवाज हरवला तर मागे काहीच दिसत नाही. मागच्या साली तो माळशिरसकडे गावी गेला होता. धाकटा भाऊ धुळा मेंढरं घेऊन माळावरून येत होता, आणि बिरप्पानं विचारलं होतं, "आता मेंढरास्नी घुंगरं बांधत न्हाईत व्हय रं?" धुळा नुसताच हसला होता. त्या हसण्याचा त्याला राग आला होता. आपण शहरात राहिलो म्हणून भाऊ हसतो, असं वाटलं होतं. आता मोरीवर उभ्या उभ्या त्याला ती मेंढरं परत दिसली, आणि त्यांच्या गळ्यात काहीतरी हलत होतं हेही दिसलं. गिरणीचा भोंगा मात्र त्याला ऐकू येई, किंवा येतो असं तो समजत होता. खरं म्हणजे फळीवरची भांडी थरथरत आणि छातीत काहीतरी घुमे, आणि तो उठून बसे. एवढ्या खात्याचा जॉबर झाल्यापासून माणसं आपल्यासमोर हळू बोलतात, असंही त्याच्या मनानं घेतलं होतं. धाकानं बोलतात, अदबीनं बोलतात. त्याला ते आवडायचं. मिशीवरून हात फिरवत, मान किंचित पुढे काढून तो ऐकून घ्यायचा, म्हणजे बघून घ्यायचा. माग खात्यात शेकडो माग एकदम चालत तेव्हा तिथं कानाचं काही कामच नसे. सगळे ओठांवर बोलत, हातांनी बोलत, आणि चार माग ओलांडून कुणी कुणाला शिवी दिली तर ती बिरप्पाला कळे. ह्या कसबाचा त्याला गर्व होता. ह्याच कसबानं आपण घरात, रस्त्यात, देवळात, सगळीकडे निभावत आलो, हे त्याला माहीत नव्हतं. की माहीत होतं?

फोनो त्यानं एका सूतखात्याच्या मास्तरकडून घेतला होता. मास्तर मुंबईला निघाला होता आणि एवढा मोठा कर्णा आगगाडीत कुठं घेऊन जायचा, म्हणून त्यानं तो विकायला काढला. त्यांच्या चाळीच्या ओळीत अशी पेटी कुणाकडे नव्हती. मूलबाळ नसलेल्या त्या दोन खोल्यांत पहिल्या दिवशी तबकडी वाजली तेव्हा दारात एवढी गर्दी झाली की अंबूला आत जाता येईना. मास्तरनं जाताना त्याला पिनांच्या डब्या दिल्या होत्या. बारीक पिन लावली की आवाज नाजूक, जाड लावली की दणदणीत. पेटीला आवाज कमीजास्त करायचं दुसरं काही साधन नव्हतं. पिन बदलायची, नाहीतर कर्ण्यात कापड कोंबायचं. बारीक पिनेची डबी बिरप्पानं एकदाच उघडली. त्याला ती पिन भिकार वाटली. मांजर पावलं टाकत गेल्यासारखं काहीतरी व्हायचं आणि गाणं म्हणून हाती काही लागायचं नाही. मग तो जाड पिनच लावू लागला.

शेजारी तेव्हा विरुपाक्ष राहायचा. अक्कलकोटकडचा तरुण माणूस, बाजारात सिद्रामप्पांच्या कापडदुकानात गादीवर काम करणारा. बायको चंद्रव्वा आणि म्हातारी आई सुंदरम्मा, जिला तो अव्वा म्हणायचा. मधे एका विटेची भिंत. पेटी आल्यावर थोड्या दिवसांनी विरुपाक्ष दारात येऊन हसत, मोठ्यानं म्हणाला होता, "अण्णा, गाणं चांगलं आहे री. पण जरा हळू लावा की. आमच्या अव्वाचं डोकं धरतंय." आणि बिरप्पा म्हणाला होता, "हळूच लावलंय की. ह्याच्यापेक्षा हळू म्हंजे बंदच करावं लागंल." तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते हळूच वाटत होतं. म्हणूनच त्याला विरुपाक्षची तक्रार म्हणजे निव्वळ पोटदुखी वाटली. पुन्हा एकदा विरुपाक्ष आला, तेव्हा हसला नाही. मग बोलणं थांबलं. त्यानंतर बिरप्पा पेटीला चावी देताना एक नवी कोरी जाड पिन काढायचा, ती दोन बोटांत धरून बघायचा, आणि त्या बघण्यात गाण्यापेक्षा वेगळंच काहीतरी सुख होतं. हे सुख त्याला आता आठवलं आणि त्यानं तांब्या खाली ठेवला.

तो मोरीवरून आत आला. अंबूनं भाकरी वाढली होती, पण ती स्वतः ताटासमोर उभीच होती. तिच्या ओठांकडे बघण्याची त्याला आज लाज वाटली आणि बघितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"मग त्या दिशी," ती म्हणाली, "इरुपाक्ष आलता, त्यो काय म्हनला ते तुमास्नी ऐकू आलंच न्हाय?"

"कंच्या दिशी?"

"चंद्रव्वा गेली त्याच्या आदल्या दिशी."

बिरप्पा ताटासमोर खाली बसला.

"त्यो तुमाला सांगून गेलता न्हवं? धनुर्वात झालाय, डाक्टरनं सांगितलंय, घरात अंधार करा, भांड्याचा आवाज हू देऊ नका, आवाज झाला की तिचं अंग आखडतंय. तवा आज पेटी लावू नका म्हून त्यानं हात जोडलं. तुमी मान हलवली. आन् त्यो डाक्टरकडं गेला आन् तुमी..." अंबू खाली बसली. तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग तो काढून टाकला, त्याला ओठ दिसावेत म्हणून. "मी केमला भावाकडं हुते. आल्यावर नळावर बायकांनी सांगितलं. मला वाटलं, तुमी रागापायी केलं. इतकं दिस मी ह्या घरात भाकरी थापत हुते आन् मनात म्हनत हुते, कसल्या माणसाच्या पदरात पडले. तुमाला ऐकूच आलं न्हवतं! माझ्या देवा. ऐकूच आलं न्हवतं!"

ती रडत होती आणि हसतही होती. कित्येक महिन्यांत तिनं त्याच्या अंगाला आपणहून हात लावला नव्हता. आता तिनं त्याचा गुडघा धरला. तिचं ओझं उतरलं होतं. ते उतरून कुठं गेलं हे तिला दिसलं नाही.

तो दिवस त्याला स्वच्छ आठवत होता. गिरणीला सुट्टी होती. ओळीतली बहुतेक माणसं तळ्याकडे जत्रेला गेली होती. चंद्रव्वाच्या पायात गंजका खिळा गेला होता आणि तिला बरं नाही, एवढं त्याला माहीत होतं. दुपारचं ऊन दारात आलं होतं आणि त्यातच विरुपाक्ष येऊन उभा राहिला, म्हणजे ऊन त्याच्या पाठीशी आणि तोंड सावलीत. भरघोस मिशी, तिच्याखाली अर्धवट दिसणारे ओठ. आणि तो कुजबुजत होता. भिंतीपलीकडे ती पडली होती म्हणून तो कुजबुजत होता, हे आता कळतंय. त्याचं मराठी एरवीही कानडी वळणाचं, घाईत तर अर्धं कानडीच. बिरप्पाला त्या ओठांवर 'चंद्रव्वा' दिसलं. 'गाणं' दिसलं. त्यानं भिंतीकडे बोट दाखवलेलं दिसलं, मग कानाकडे. बिरप्पाच्या मनात आलं, आजारी बायकोला गाणं ऐकायचंय. मागचं भांडण विसरून माणूस आपल्या दाराशी आलाय. केवढं बरं वाटलं त्याला! त्यानं मोठ्या मनानं मान हलवली. विरुपाक्षचा चेहरा एकदम सैल झाला, आणि तो जवळजवळ पळतच गेला. मग बिरप्पानं दार लावून घेतलं, वाऱ्यानं आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पेटी उचलून भिंतीजवळ नेली. कर्ण्याचं तोंड भिंतीकडे वळवलं. भजनाची तबकडी काढली, कारण आजारी माणसाला भजन बरं. आणि एक नवी जाड पिन लावली. ती तबकडी संपल्यावर दुसरी, दुसरी संपल्यावर परत पहिली. भिंतीला पाठ लावून तो डोळे मिटून बसला होता. मधून मधून पाठीला भिंत हादरल्यासारखी लागायची. गाण्याचा ठेका, असं त्याला वाटलं होतं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं आणि इथपर्यंत तो स्वतःला सोडवून घेऊ शकत होता. बहिऱ्या माणसाची चूक. अंबूनं तेच धरलं होतं आणि तेवढ्यावर ती सुखी झाली होती. पण पुढचे कितीतरी दिवस माग खात्यात फिरताना, तुटलेला धागा जोडणाऱ्या बोटांकडे बघताना, बिरप्पा पुन्हा पुन्हा त्या उन्हातल्या दारात जाऊन उभा राहायचा. विरुपाक्षचे हात जोडलेले होते. गाणं लावा म्हणून कुणी असे हात जोडतं का? छातीशी, घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत? ती बोटं त्यानं त्या वेळी पाहिली होती. पाहिली होती, आणि क्षणभर त्याला वाटलं होतं की विचारावं, काय म्हणालात? परत सांगा. शब्द जिभेवर आले होते. पण परत विचारायचं म्हणजे कबूल करायचं. ह्या पोरासमोर, ज्यानं आपल्या पेटीला नावं ठेवली त्याच्यासमोर, मान पुढे काढून 'आं?' करायचं. म्हातारे करतात तसं. त्यापेक्षा मान हलवणं सोपं होतं. त्याला कळलं नव्हतं हे खरं. पण कळलं नव्हतं, एवढं तरी त्याला कळलं होतंच. आणि मग ती पिन. भजनच ऐकवायचं होतं तर कर्णा भिंतीला भिडवायची काय गरज होती? मायेनं वळवला होता की 'घे, आता तूच मागितलंस' म्हणून वळवला होता? जेवढं खोल बघावं तेवढं ते पाणी गढूळ होत जाई. तळाशी काहीतरी होतं, ते माया होती की सूड, की दोन्ही एकमेकांत पीळ घालून बसली होती, त्याला दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चंद्रव्वाला मातीला नेलं तेव्हा तो गेला होता. विभूती लावून, हार घालून तिला त्यांच्या लिंगायत रीतीनं खड्ड्यात बसवलेलं होतं. बिरप्पानं मूठभर माती टाकली, आणि विरुपाक्षनं त्याच्याकडे बघितलं. इतकं बघितलं की बिरप्पा मनाशी म्हणाला, दुःखानं पोराचे डोळे कसे झालेत. त्याच पंधरवड्यात मायलेक घर सोडून चुलत्याकडे राहायला गेले. गाणं ऐकवलं त्याचे दोन शब्द तरी बोलून जायचे, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं होतं. ही आठवण सगळ्यांत वाईट होती. ती आली की चालत्या मागांच्या मधे उभा राहून तो डोळे मिटून घ्यायचा आणि पोरं एकमेकांकडे बघायची.

"इरुपाक्षकडं जाऊ नका," अंबू म्हणाली. "त्याचं दुःख निवत आलं आसंल. कशाला परत उकरता?"

"त्याला कळाय नको?"

"कळून त्याला काय हुनार? तुमालाच बरं वाटंल."

ती असं म्हणाली आणि ते खरं होतं, तरी पुढच्या सुट्टीला दुपारी तो बाजारात गेला. सिद्रामप्पांच्या दुकानात पांढऱ्या गादीवर विरुपाक्ष बसला होता, समोर चौकड्याचं लुगडं उलगडलेलं, दोन बायका पदराचा काठ चाचपत होत्या. मालक लोडाला टेकून पेंगत होते. विरुपाक्ष वाळला होता. बिरप्पाला बघून त्याचे हात थांबले; मग तो खाली बघून काहीतरी बोलला. मिशी हलली, एवढंच.

"मला ऐकू येत न्हाय," बिरप्पा म्हणाला. हे वाक्य तो वाटभर घोळवत आला होता. "माज्याकडं बघून बोला. मोठ्यानं बोला."

विरुपाक्षनं मान वर केली.

"मागानं कान खाल्लं माजं. त्या दिशी तुमी काय म्हनलात ते मला कळलं न्हाय. मला वाटलं, गाणं लावा म्हनताय. तिच्यासाठी."

बायका काठ सोडून बघू लागल्या. विरुपाक्ष इतका वेळ गप्प राहिला की बिरप्पाला शंका आली, तो बोलून मोकळा झाला आणि आपल्यालाच कळलं नाही. मग तो गुडघ्यांवर उठला, गादीच्या कडेशी आला, आणि बिरप्पाच्या तोंडासमोर तोंड आणून ओरडला. "डॉक्टरकडून परत आलो आणि दार बडवलं री मी! खिडकीतून बघितलं, तुम्ही डोळे मिटून बसला होता. मान डोलवत होता! अव्वा भिंतीवर हात आपटत होती, हात सुजला तिचा. तुमची ती गाणारी बाई आवाज वर चढवायची आणि हिची पाठ अशी वर यायची. टाच आणि डोकं, एवढंच खाली टेकायचं. दात बसलेले. बोलता येत नव्हतं. डोळ्यांनी विचारत होती मला, काय केलंय आपण ह्यांचं?"

बिरप्पाला शब्दन् शब्द ऐकू आला. मान खाली घालावीशी वाटत होती, पण घातली तर ओठ दिसले नसते. म्हणून तो बघत राहिला.

"डॉक्टर म्हणाला, तशी पण राहिली नसती," विरुपाक्ष म्हणाला. आवाज उतरला होता; बिरप्पानं एक पायरी वर चढून कान जवळ नेला. "गाण्यानं काही गेली नाही. हे मला तेव्हाच माहीत होतं. खिळा माझ्याच फळीचा होता. तिनं सांगितलं होतं, काढून टाका म्हणून. मी उद्या काढतो म्हणालो. पण मला तुम्ही होता की. कळतंय का? पडल्या पडल्या सगळं अंगावर यायचं, तेव्हा मी तुम्हाला धरायचो. ह्या माणसानं केलं, मुद्दाम केलं. मग जरा डोळा लागायचा. आणि आता तुम्ही इथं येऊन सांगता, ऐकू आलं नाही!" त्यानं बिरप्पाच्या सदऱ्याची बाही धरली. "कशाला आलात? कुणी बोलावलं? जा की इथून. नाहीतर म्हणा, मुद्दाम केलं. म्हणा!"

मालक जागे झाले होते आणि काहीतरी विचारत होते. विरुपाक्षनं बाही सोडली नाही. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, मागणं होतं, आणि या खेपेला ते बिरप्पाला नीट कळलं. बुडणाऱ्याची पकड होती ती. बिरप्पाच्या मनात आलं, हे खोटं आहे. मग त्याला दोन बोटांत धरलेली ती कोरी पिन दिसली, आणि खोटं आहे असं त्याला छातीवर हात ठेवून म्हणता येईना. अंबूला काय सांगायचं, ओळीतल्या माणसांना काय वाटेल, हे सगळं मनात येऊन गेलं. पण ते लांबचं होतं, आणि बाहीवरचा हात जवळ होता.

"व्हय," तो म्हणाला. "मुद्दाम केलं मी."

आवाज किती मोठा निघाला ते त्याला समजलं नाही. दुकानातल्या बायका मागे सरकल्या, समोरच्या भांडीवाल्यानं तोलत असलेली घागर खाली ठेवली, रस्त्यातून चाललेला एक टांगेवालासुद्धा वळून बघू लागला. विरुपाक्षचे खांदे खाली आले. त्यानं बाही सोडली, ती जिथं चुरगळली होती तिथं एकदा बघितलं, आणि गादीवर मागे जाऊन लोखंडी गज उचलून लुगडं मोजायला घेतलं. बिरप्पा पायऱ्या उतरून उन्हात आला. माणसांनी त्याला वाट करून दिली.